गळ्याचा शब्बाथ

सोमवार, १७ सप्टेंबर १९४५

आज नगरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझी जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली, लांब दांड्याचा इवलासा आरसा दिव्यावर गरम करून घशात घातला आणि बराच वेळ आत पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, आवाजाच्या पडद्यांवर बारीक गाठी आल्या आहेत. ताणून गाण्यामुळे येतात. कापायच्या नसतील तर गळ्याला पुरता विसावा द्यावा लागेल. नाताळापर्यंत एकही शब्द बोलायचा नाही. मी कुजबुजत विचारले, इतके हळूही नाही का? त्या म्हणाल्या, "कुजबुज तर सर्वांत वाईट. हा तुमचा शेवटचा प्रश्न समजा."

मी श्रीमंत साळवे, बोरखडीच्या मंडळीचा उपदेशक आणि ख्रिस्ती कीर्तनकार. लोक मला मास्तरच म्हणतात. खाली श्रीगोंद्यापासून वर कोपरगावापर्यंत माझी कीर्तने झाली आहेत. ही वही माझ्याखेरीज कोणी वाचणार नाही, तरी हे लिहून ठेवावेसे वाटले. मोटारीत शेजारच्या माणसाने विचारले, आपण कोण, कुठले? मला नुसते हसावे लागले.

घरी आल्यावर बायकोला, साळूबाईला, पाटीवर लिहून दाखवले. माझे अक्षर तिला लागत नाही. छापील वाचते, तेही बोट ठेवून. शेवटी रंगनाथाला बोलावून वाचून घेतले. रंगनाथ आमच्या शाळेचा मास्तर, माझ्यामागे पेटी वाजवतो. साळूबाईने ते दारातच ऐकले. मग म्हणाली, "म्हंजी नाताळापतोर तुमी बोलनारच न्हाई?" मी मान हलवली. तशी पदर डोळ्यांना लावून आत गेली. तिला फार लागले. माझ्या कीर्तनावर तिचा जीव आहे.

गुरुवार, २० सप्टेंबर

घरची सकाळची प्रार्थना मी कधी चुकवली नाही. आता वाचणार कोण? आमची मुलगी विजया नगरच्या बोर्डिंगात, म्हणजे घरात आम्ही दोघेच. साळूबाईपुढे पवित्र शास्त्र उघडून ठेवले. तिने हात पदराला पुसले आणि एका स्तोत्राच्या चार ओळी वाचल्या. प्रत्येक शब्दापाशी थांबत, पुढच्या शब्दाकडे भीतभीत जात. मी चुकीपाशी पाटीवर पेन्सिल टकटक वाजवत होतो. तिसऱ्या टकटकीनंतर तिचा आवाज इतका बारीक झाला की ऐकूच येईना. उद्या टकटक करणार नाही असे ठरवले आहे. पण ते ऐकणे मोठे अवघड आहे.

रविवार, २३ सप्टेंबर

पहिला मुका रविवार. उपासना रंगनाथाने चालवली. प्रार्थना लांबवली, पद एक कमी घेतले. बाकी ठीक.

लोक मात्र हळहळतात. मळ्यातून आलेले एक म्हातारे माझा हात धरून म्हणाले की मास्तरांच्या 'मरिया-मार्था'ची सर कशालाच नाही. ते माझे गाजलेले आख्यान. मरिया प्रभूच्या पायांशी बसून ऐकते आणि मार्था आत भांड्यांचा खणखणाट करते. मी एक पाऊल पुढे टाकून मरिया होतो, मागे घेऊन मार्था. मार्थाची किरकिर, तिचे पदर खोचणे, पळी आपटणे, हे सगळे करून दाखवतो. लोक पोट धरून हसतात आणि मग एकदम गप्प होतात, कारण मी प्रभूचे वाक्य उच्चारतो: मार्थे, मरियेने चांगला वाटा निवडला आहे. तो क्षण देवाने मला दिलेला आहे.

नंतर रीतीप्रमाणे वाड्या-वस्त्यांवरून आलेली मंडळी आमच्याकडे जेवली. साळूबाईने पिठले, भाकरी आणि ठेचा केला होता. ती कधी कुरकुर करीत नाही.

रविवार, ३० सप्टेंबर

बोलता येत नाही म्हणून लोकांत बसवत नाही. उपासना झाल्यावर मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसलो. तिथून घर वेगळेच दिसते. पाहुणे ओसरीवर, त्यांच्याकडे पाठ करून साळूबाई चुलीपुढे. तवा कधी रिकामा राहत नाही. बाहेरून कोणीतरी "मास्तरीणबाई, पाणी" म्हणते, मग ती उठते, देते, बसते. पुन्हा उठते. शेजारच्या बनुबाई मदतीला येतात. त्या विधवा आहेत, तोंडाने फटकळ. मला पाहून म्हणाल्या, "मास्तर, वाट चुकली का?" मी पाटीवर लिहिले, बसलो आहे. त्यांनी पाटीकडे पाहिलेच नाही. त्यांना वाचता येत नाही हे मी विसरलो होतो.

मंगळवार, ९ ऑक्टोबर

साळूबाईचे वाचन सुधारते आहे. मीच तिच्यासाठी उतारे निवडतो. आज दहा आज्ञा घेतल्या. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आज्ञेपाशी ती चांगली चालली होती. त्या दिवशी कसलेच काम करू नये. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरे, तुझ्या वेशीच्या आतला परका. इथे ती थांबली. बोट मागे नेले, तीच ओळ मनातल्या मनात पुन्हा वाचली आणि मग पुढे गेली. कुठे अडली कळले नाही, शब्द तर सोपेच होते.

प्रार्थनेनंतर ती लगेच उठून जात्याकडे गेली.

रविवार, १४ ऑक्टोबर

पुढच्या रविवारी शेजारच्या वस्तीवर कापणीचा सण. बाजरी निघाली आहे, लोक मोकळे आहेत. दरवर्षी माझे कीर्तन असते. मंडळीचे वडील, म्हणजे कारभार पाहणारे पंच, काकासाहेब यांनी माझ्यासमोरच रंगनाथाला कीर्तन करायला सांगितले. मला कोणी विचारले नाही. विचारून तरी काय, मान हलवण्यापलीकडे मी काय करणार होतो.

सायंकाळी रंगनाथ पेटी घेऊन आला. 'मरिया-मार्था'च लावणार म्हणतो. माझ्यापुढे दोन पदे म्हणून दाखवली. गळा गोड आहे, पण लहान. त्याने विचारले, "मास्तर, तुमचीच पट्टी धरू का? पांढरी चार?" पेटीच्या चौथ्या पांढऱ्या पट्टीचा माझा सूर उंच. त्याचा गळा तिथे फार वेळ टिकणार नाही हे मला पहिल्या ओळीला कळले होते. पांढरी दोन धर, एवढे लिहायला किती वेळ लागला असता? मी होकारार्थी मान हलवली.

पाटी जवळच होती.

रविवार, २१ ऑक्टोबर

झाले. उत्तररंगात, मार्था प्रभूकडे गाऱ्हाणे घेऊन येते त्या पदात, रंगनाथाचा आवाज फाटला. त्याने पुन्हा धरला, पुन्हा फाटला. पोरे हसली, मग मोठेही हसले. त्याने पद सोडले आणि घाईघाईने कथा आटोपली.

लोक मला म्हणाले, तुमची जागा कोण घेणार मास्तर. मी दुःखी चेहरा केला होता. आतून मला बरे वाटत होते. बरे म्हणजे काय, गोड वाटत होते. बैलगाडीत परत येताना ती गोडी तशीच होती, घरी पोहोचेपर्यंत ती कडू झाली. साळूबाईने विचारले, जेवला का? मी नाही म्हणून मान हलवली.

धर्माची कृत्ये माणसांनी पाहावीत म्हणून करू नका, असे प्रभू सांगतो. यावर मी कितीतरी वेळा बोललो असेन. बोलताना समोर किती माणसे बसली आहेत ते आधी मोजत असे.

सोमवार, २२ ऑक्टोबर

सकाळी रंगनाथ आला. मला वाटले, जाब विचारायला आला. तो दाराशीच उभा राहिला, डोळे सुजलेले. म्हणाला, "मास्तर, मला माफ करा. तुमचं नाव मी खाली घातलं. पुन्हा कीर्तनाला उभा राहणार नाही." आणि मला काही लिहायचीही सवड न देता शाळेकडे गेला.

दिवसभर पाटी घेऊन बसलो आहे. माणसाला तोंडाने कबुली देणे सोपे. बोलता बोलता शब्द हवेत विरतात, थोडे मागेपुढे करता येतात. पाटीवर ते समोर बसून राहतात.

मंगळवार, २३ ऑक्टोबर

शाळा सुटल्यावर गेलो. तो फळा पुसत होता. मी पाटी पुढे केली. तिच्यावर लिहिले होते: तुझी पट्टी पांढरी दोन. मला आधीच माहीत होते. तू पडावास म्हणून मी मान हलवली.

त्याने वाचले. पुन्हा वाचले. चेहरा लाल झाला. मला वाटले, आता पाटी आपटणार. मी तिथेच उभा राहिलो, कारण त्याला तो हक्क होता. त्याने उरलेला फळा पुसून काढला. मग आला, तळहाताने पाटी पुसली आणि माझ्या हातात दिली.

"मग नाताळाला पांढरी दोनमध्येच बसवू," म्हणाला. "पण तुम्ही समोर बसून ऐकायचं. आणि खोटी मान हलवायची नाही."

येताना मी नदीकडून लांबच्या वाटेने आलो. पायांत बळ होते. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

सोमवार, ५ नोव्हेंबर

मला काम लागते. साळूबाईची कंबर दुखते असे बनुबाईंकडून कळले. मला ती बोलली नव्हती, किंवा बोललीही असेल. म्हणून गेल्या आठवड्यापासून विहिरीचे पाणी मी आणतो. पहिल्या दिवशी साळूबाई माझ्या हातातली घागर सोडीना. म्हणाली, "अवो, लोक काय म्हनतील? मास्तरीन मेली का इचारतील." मी घागर ओढली, निम्मे पाणी दोघांच्या अंगावर सांडले आणि ती हसली. तिचे हसणे मला ओळखीचे वाटेना.

आता उजाडता उजाडता जातो, म्हणजे कोणाला दिसू नये. उजव्या हाताने केलेले डाव्या हाताला कळू नये असे शास्त्र सांगते. पण आज एक गोष्ट ध्यानात आली, ती लिहूनच ठेवतो. विहिरीकडून घरी यायला खालची वाट जवळची. आणि मी तीन दिवस वरच्या वाटेने येतो आहे. वरच्या वाटेवर काकासाहेबांचा ओटा आहे, आणि काकासाहेब उजाडताच ओट्यावर येऊन राखुंडीने दात घासत बसतात.

उद्यापासून खालची वाट.

सोमवार, १२ नोव्हेंबर

आज साळूबाई बाजाराला गेली होती. मी एकटाच शास्त्र चाळत बसलो. दहा आज्ञांच्या पानावर तिच्या बोटाचा पिठाचा डाग राहिला आहे. तिने बोट मागे नेले होते ती ओळ सहज वाचली. तू, मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरे, परका. बैलाला विसावा आहे, परक्याला आहे. आणि मग मला दिसले.

ती आल्यावर पाटीवर मोठ्या, छापील वळणाच्या अक्षरांत लिहिले: त्या दिवशी तू इथे का थांबलीस?

तिने अक्षर अक्षर जुळवून वाचले. पिशवीतल्या मिरच्या सुपात ओतल्या. देठ काढता काढता म्हणाली, "त्यात बायकूचं नाव न्हाई. म्या दोनदा बघितलं. लिव्हायचं ऱ्हायलं आसंल."

रागाने म्हणाली नाही. मीठ संपले, आणायचे राहिले, तशा सुरात म्हणाली.

नगरच्या पाळकसाहेबांना विचारले तर ते सांगतील की 'तू' या शब्दात नवराबायको दोघेही आले. तसेच असेल. पण मग आमच्या घरात इतकी वर्षे 'तू' कोण होता? रविवारी मी घसा शेकून, पांढरे धोतर नेसून विसाव्याच्या दिवसावर प्रवचन करीत होतो, आणि तेव्हा चूल सर्वांत जास्त वेळ पेटलेली असे. 'मरिया-मार्था'चे कीर्तन मी किती ठिकाणी केले ते आठवते. ते साळूबाईने शेवटपर्यंत एकदा तरी ऐकले आहे का, हे आठवेना. ती मागे भांड्यांत असायची. लोक हसायचे ते तिला ऐकू जात असणार.

रविवार, १८ नोव्हेंबर

साळूबाईने कालच ज्यादा भाकरी करून ठेवल्या. काकासाहेबांना लिहून कळवले की या रविवारी आमच्याकडे चूल पेटणार नाही, मंडळींनी आपापली शिदोरी आणावी. ते म्हणाले, "मास्तर, घसा बिघडला, डोकं तरी नीट ठेवा." पण लोकांनी आणली. कोणी उपाशी राहिले नाही.

दुपारी पाहुणे गेल्यावर मी ओसरीवर घोंगडी अंथरली आणि साळूबाईला बसवले. ती बसली. लगेच उठून दिव्याची काच पुसायला लागली. मी काच काढून घेतली. पुन्हा बसली, घोंगडीचे सुटे धागे ओढू लागली. म्हणाली, "हात कुठं ठिवू त्येच कळंना."

मीही काही करीत नव्हतो. अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या. मग ती माझ्याकडे न पाहता बोलू लागली. ते जसेच्या तसे लिहितो.

"तुमाला आवाज बंद सांगितला ना, तवा मी आत जाऊन रडले. तुमाला वाटलं आसंल, दुख झालं म्हनून. मला बरं वाटलं हुतं. म्हनलं, आता नाताळापतोर पाव्हनं कमी येत्याल, कीर्तनाची गर्दी न्हाई, जरा पाठ टेकंल. आन मग भ्याले. नवऱ्याचा गळा गेला आन हिला बरं वाटतं, म्हंजी ही कसली बाई. त्येच्यासाठी रडले. रोज प्रार्थनेत तुमच्या गळ्यासाठी मागते, पर ते खरं हाय का खोटं, माजं मला कळंना."

मी पाटी घेतली. एवढे दिवस मला वाटत होते की मन तपासायचे काम या घरात मी एकटाच करतो आहे. शेवटी लिहिले: मीही तसाच. आणि रंगनाथाच्या पट्टीची सगळी हकिकत छापील वळणाने लिहिली. पाटी पुरली नाही, पुसून पुन्हा पुन्हा लिहावी लागली. ती बोट ठेवून वाचत गेली. शेवटी म्हणाली, "मग आपन दोघंबी एकाच ताटातलं." आणि पाठ भिंतीला टेकली.

त्यानंतर तिचे हात मांडीवर गप्प होते.

बुधवार, २८ नोव्हेंबर

नाताळाच्या तयारीसाठी मंडळीच्या वडिलांची बैठक काकासाहेबांच्या ओट्यावर झाली. यंदा रॉकेल मिळत नाही, गॅसबत्ती पेटणार नाही, म्हणून कीर्तन दुपारीच ठेवायचे ठरले. कीर्तन रंगनाथाचे. ते मीच पाटीवर लिहिले, आणि लिहिताना हाताला जड गेले नाही. थोडेसे गेले.

मग मी दुसरी गोष्ट लिहिली: त्या दिवशी सगळा स्वयंपाक पुरुषांनी करावा, बायकांनी मांडवात पुढे बसावे.

हसू फुटले. काकासाहेबांनी विचारले, हे कुठल्या शास्त्रात आहे? मी पुस्तक उघडून आज्ञेवर बोट ठेवले आणि त्यांना मोठ्याने वाचायला खूण केली. त्यांनी वाचले. मी लिहिले: यात आपल्या घरची माणसे मोजा. ते बोटांवर मोजू लागले. मुलगा, मुलगी, गडी, गुरे. मग बोट थांबले. दाराच्या आत त्यांच्या कारभारणीच्या बांगड्या वाजत होत्या, त्याही थांबल्या.

काकासाहेबांनी पुस्तक मिटले. मग घसा खाकरून म्हणाले, "बरं. पण मीठ कोण बघणार?"

सोमवार, १७ डिसेंबर

नगरला जाऊन आलो. पुन्हा तोच आरसा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठी पुष्कळ विरल्या आहेत. आजपासून बोला, पण थोडे आणि हलके. मग त्यांनी आरसा पुसून ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहून सांगितले, "कीर्तनाचा आवाज परत येईल असं मी म्हणणार नाही. ताणलात तर आहे तोही जाईल."

मी बरे म्हणालो. तीन महिन्यांनी निघालेला तो आवाज घोगरा आणि आखूड होता, दुसऱ्याच कोणाचा तरी.

बोर्डिंगातून विजयाला सोबत घेतले. मोटारीत ती माझ्या खांद्याला टेकून तिच्या परीक्षेचे सांगत होती. मी ऐकत होतो. मधेच मला रडू आले आणि मी खिडकीबाहेर तोंड केले. तिने ओळखले असावे, कारण थोडी गप्प राहिली आणि मग पुन्हा आपले सांगू लागली. हे बरे केले तिने.

देवाने माझे गाणे घेतले असे लिहिणार होतो. तसे लिहीत नाही. ते माझे किती आणि त्याचे किती, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. दुःख आहे. उद्या पाणी आणायचे आहे.

घरी विजया चकित झाली. आई शास्त्र वाचते, आणि न अडखळता.

मंगळवार, २५ डिसेंबर, नाताळ

दमलो आहे, पण आजचे आजच लिहितो.

पहाटेच्या उपासनेनंतर आम्ही पुरुषांनी उपासनामंदिरामागे चुली मांडल्या. भाकरी थापण्याचा नाद लवकरच सोडला, कारण काकासाहेबांच्या भाकरीला इतकी टोके आली की बघायला पोरे जमली. भात, मटणाचा रस्सा आणि लापशी केली. धुराने सर्वांचे डोळे लाल. बायका आधी मांडवात अवघडून बसल्या होत्या, दोघी-तिघी उठून डोकावून गेल्या. त्यांना परत पाठवले. पहिली पंगत त्यांची बसवली. मी वाढत होतो. बनुबाईंना विचारले, कसे झाले आहे? त्या म्हणाल्या, "मीठ जास्त हाय, मास्तर. पर गरम हाय." आणि पुढचा घास घेऊन पुन्हा म्हणाल्या, "गरम हाय." शेजारी काकासाहेबांच्या कारभारीणबाई मान खाली घालून हसत होत्या. रस्सा गरम असण्यात एवढे काय, ते मला समजले नाही. आम्ही शेवटी बसलो तेव्हा तो थंड झाला होता.

कीर्तन सुरू झाले तेव्हा मी मागे राखेने पातेली घासत होतो. रंगनाथाने मेंढपाळांचे आख्यान लावले होते. पांढरी दोन. सूर गोल, भरलेला लागत होता. मागे शब्द तुटक येतात. लोकांचे हसू ऐकू येते, पण कशाला हसले ते कळत नाही. मग न राहवून तसाच राखेच्या हातांनी मांडवाच्या कडेला जाऊन उभा राहिलो.

साळूबाई पहिल्या रांगेत होती, मांडवाच्या मेढीला टेकून. झोपली होती. तोंड किंचित उघडे, हात मांडीवर सैल पडलेले. पुढे देवदूत गात होते, झांजा चालल्या होत्या, आणि ती गाढ झोपली होती. शेजारून बनुबाई तिला कोपराने ढोसायला वाकल्या.

"असू द्या, बनुबाई," मी म्हणालो. "झोपू द्या तिला."

घोगरा आवाज होता, पण पुढच्या दोन-चार रांगांना ऐकू गेला. लोकांनी वळून पाहिले. रंगनाथाने माझ्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, आणि झांजवाल्याला हाताने खूण करून पुढचे पद अगदी हळू उचलले.

तो आपल्या प्रियजनांना झोप देतो, असे एका स्तोत्रात आहे. मी ती ओळ आजवर प्रेतयात्रेतच वापरली.

आशीर्वाद झाला, माणसे उठली, तेव्हा ती जागी झाली आणि ओशाळली. पोरीसमोर, सगळ्या मंडळीसमोर झोपले म्हणून चुटपुटत राहिली. विजया मैत्रिणींबरोबर मागे थांबली. आम्ही दोघे खालच्या वाटेने घरी निघालो. तिने विचारले, मला नीटसं ऐकायला मिळालंच नाही, पुढं काय झालं?

मग मी सांगितले. हळूहळू, थांबत थांबत, तिला एकटीला ऐकू जाईल इतक्याच आवाजात. मेंढपाळ रानात राखण करीत होते, प्रकाश झाला, ते भ्याले, देवदूताने भिऊ नका म्हटले, आणि ते सगळे उठून बेथलेहेमला गेले.

साळूबाई चालता चालता थांबली.

"समदे गेले?" तिने विचारले. "मग मेंढरं कुनी राखली?"

इतकी वर्षे मी हे आख्यान केले. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, माहीत नाही. आम्ही तोच विचार करत घरी आलो.